रिकाम्या झोळीचं माप

स्प्रिंग किती ताणली किंवा किती दबली, हे मोजणं एवढंच माझं काम. शिरोलीच्या एमआयडीसीत आमचा स्प्रिंगांचा कारखाना आहे आणि तिथल्या तपासणी विभागाचा मी प्रमुख. पद भारदस्त आहे, पण सासऱ्यांनी लग्नाआधी खोदून खोदून विचारल्यावर मला सांगावं लागलं, "स्प्रिंग ओढतो आणि किती ओढली ते बघतो." त्यांनी केतकीला स्वयंपाकघरात नेऊन विचारलं होतं, की एवढ्यासाठी पगार देतात का म्हणून. देतात. कारण मोजणं दिसतं तितकं सोपं नाही.

मी कामाला लागलो तेव्हा डायल गेज होतं. स्प्रिंगच्या टोकाला त्याची दांडी टेकवायची आणि काटा किती फिरला ते वाचायचं. नंतर वेटोळ्यातून लोखंडी गाभा सरकवून त्याची जागा विजेनं सांगणारी उपकरणं आली, मग लेझर आला. पण ह्या सगळ्यांची एकच गोची होती, स्प्रिंगवर नजर ठेवायला बाहेर कुणीतरी लागायचं. प्रयोगशाळेत ते चालतं. रोज कापड धुतलं जातं, पोरं लोंबकळतात, धूर होतो, अशा घरात लेझर लावून काय करणार?

मग बोलकी स्प्रिंग आली. तिच्यामागची युक्ती इतकी साधी होती की आम्ही सगळ्यांनी डोक्याला हात लावला. स्प्रिंग म्हणजे मुळातच तारेचं वेटोळं. वेटोळ्यातून उलटसुलट वीज सोडली की ते त्या विजेला एक ठरावीक विरोध करतं, पुस्तकात त्याला इंडक्टन्स म्हणतात. वेढे एकमेकांपासून लांब गेले की हा विरोध कमी होतो, जवळ आले की वाढतो. म्हणजे आपण किती ताणलो, हे स्प्रिंग स्वतःच सांगू शकते. हे शंभर वर्षांपासून ठाऊक होतं. पण पोलाद उन्हाळ्यात एक सांगायचं आणि थंडीत दुसरंच. ज्या दिवशी ऋतूनुसार शब्द न फिरवणारा मिश्रधातू सापडला, त्या दिवसापासून केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतकी हालचालही स्प्रिंगला सांगता यायला लागली.

तिचा सगळ्यात मोठा उपयोग झाला तो बाळाच्या झोळीत. आपल्याकडे छताच्या हुकाला स्प्रिंग, स्प्रिंगला दांडी आणि दांडीला जुन्या साडीची झोळी, हे घरोघरी असतंच. सरकारनं त्या जागी बोलकी स्प्रिंग फुकट द्यायला सुरुवात केली. ती बाळाचं वजन सांगायची, श्वास सांगायची, आणि मुख्य म्हणजे एक आजार ओळखायची. त्या आजाराचं नाव लांबलचक आहे, मला आता ते उच्चारायचासुद्धा कंटाळा येतो. हजारो बाळांत एखाद्याला होतो. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा हळूहळू मरतात आणि बाळ सैल पडत जातं. त्यावर एक इंजेक्शन आहे, आयुष्यात एकदाच द्यायचं. नसा जिवंत असताना दिलं तर पोर धावतं. उशीर झाला की गेलेलं परत येत नाही. प्रत्येक बाळाच्या रक्ताची तपासणी परवडत नव्हती म्हणून आधी झोळीनं चाळणी लावायची, असं ठरलं.

झोळीला ते कळायचं कसं, हे केतकीनं आमच्या आईला अंड्यांवर समजावलं होतं. केतकी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. उकडलेलं अंडं ओट्यावर फिरवलं की भिरभिरत राहतं, कच्चं लगेच थांबतं, कारण आतलं सैल द्रव्य हालचाल खातं. झोळी खाली ओढून सोडली की तीही वर-खाली होत थांबते. तान्हं बाळ हातपाय आखडून घट्ट असतं, ते झोळीबरोबर एकजीव हलतं. सैल पडलेलं बाळ हालचाल खातं, आणि झोळी जरा लवकर थांबते. फरक डोळ्याला दिसत नाही, स्प्रिंगला कळतो.

फक्त त्यासाठी झोळी स्वतः किती हालचाल खाते, ते आधी कळायला हवं. साडी सुती की नायलॉनची, दांडी लाकडी की लोखंडी, हुक गंजलाय का, सगळ्याचा फरक पडतो. म्हणून सुरुवातीला एकदा झोळी रिकामी करायची, खाली ओढायची आणि सोडायची. जे माप येईल ते पुढे बाळाच्या मापातून वजा होतं.

घोडं अडलं ते इथं.

वर्षभर सगळं सुरळीत चाललं आणि मग पुण्याच्या केंद्रातून आमच्या कारखान्यात फोन यायला लागले. कोल्हापूर-सांगलीकडची बाळं ढिगानं लाल दिसताहेत, म्हणजे आजाराचा संशय. प्रत्येक लाल बाळाचं रक्त तपासायचं, निकाल येईपर्यंत आईबापांच्या तोंडचं पाणी पळायचं, आणि निकाल स्वच्छ. स्प्रिंगा आमच्या कारखान्याच्या, म्हणजे दोष आमचा. मी गोदामातल्या स्प्रिंगा ओढून ओढून थकलो. एकीतही खोट नव्हती. शेवटी साहेब म्हणाले, "इंद्रजित, तू घरंच बघून ये."

हातकणंगल्याजवळच्या एका गावात अंगणवाडीच्या अनसूयाताई मला लाल निघालेल्या घरी घेऊन गेल्या. सोप्यात झोळी, झोळीत बाळ, बाळाजवळ त्याची पणजी. मी म्हणालो, "पहिल्या दिवशी रिकामं माप कसं घेतलं, तेवढं करून दाखवा."

आजींनी बाळ सुनेकडे दिलं, आत गेल्या आणि कुंची घातलेलं काहीतरी कुशीत घेऊन आल्या. काजळाची तीटसुद्धा लावलेली. ते त्यांनी अलगद झोळीत ठेवलं.

"हे काय?"

"वरवंटा," आजी म्हणाल्या. मला वरवंटा माहीत नसावा, याची कीव त्यांच्या आवाजात होती.

"तो कळला. पण झोळीत कशाला?"

"मग काय रिकामी हलवू? शाणं दिसतासा की तुम्ही. रिकामा पाळणा हलवत्यात व्हय कुठं?"

मी अनसूयाताईंकडे पाहिलं. त्यांनी पदर खोचला. "सायब, मोबाइलवर लिवलंय, झोळी रिकामी करा आन् हलवा. लिवणाऱ्याच्या घरात आई न्हाई काय? बारशाला आधी वरवंटाच घालत्यात की पाळण्यात. मीच सांगतो समद्यास्नी, कायतरी ठेवा बाई आत."

मला हसू आवरेना. दगडानं भरलेली झोळी रिकाम्या झोळीपेक्षा कितीतरी जास्त वेळ हलत राहते. स्प्रिंगला वाटायचं, ही झोळी स्वतः जवळजवळ काहीच हालचाल खात नाही. मग पुढे जी काही हालचाल खाल्ली जाईल, तिचं सगळं बिल बाळाच्या नावावर. धडधाकट पोर सैल ठरायचं. वजनाचा घोळ अंगणवाडीच्या काट्यावर लगेच दुरुस्त व्हायचा, पण सैलपणाला दुसरा काटा नव्हता. त्या आठवड्यात मी जितकी घरं पाहिली, त्यातल्या बहुतेक ठिकाणी झोळीत काही ना काही होतं. वरवंटा, नारळ, एका ठिकाणी इस्त्री.

पुण्याच्या केंद्रातल्या डॉक्टर केळुसकर मॅडमना मी हे ऑनलाइन मीटिंगमध्ये सांगितलं तेव्हा पडद्यावरची सगळी डोकी हसत होती. मी उपायही सुचवला. अंगणवाडीत एक प्रमाणित वजन द्या, ते झोळीत ठेवून माप घेऊ द्या, म्हणजे रिकामी हलवायला नको आणि गणितही जमेल. मॅडमना पटलं. म्हणाल्या, "उत्तम. पुढच्या वर्षीच्या तरतुदीत घालते. तोवर आमच्या बाजूनं काहीतरी करतो, लोकांची धास्ती तर थांबली पाहिजे." साहेबांनी कारखान्यात माझ्या नावानं पेढे वाटले. लाल बाळं खरंच कमी झाली. कशी झाली, ते मी विचारलं नाही. अंगणवाड्यांनी मापं पुन्हा घेतली असतील, असं मी धरून चाललो.

घरी ही गोष्ट सांगितली तेव्हा केतकीला पाचवा महिना होता. ती हसून हसून पोट धरून बसली. "इस्त्री? अरे देवा, निदान गरम तरी नव्हती ना?" आई मात्र हसली नाही.

"बरोबर केलं त्या बायकांनी," आई म्हणाली. "कशाला इषाची परीक्षा?"

"आत्ती, आपल्याकडे असलं काही नाही हं चालणार," केतकी म्हणाली. आमच्याकडे सून सासूला आत्ती म्हणते. "पोरांना मोजमाप शिकवून पोट भरते मी. माझ्याच घरात चुकीचं माप घेऊ?"

"बघू की तवाचं तवा," म्हणून आईनं विषय मिटवला.

तवाचं तवा आलंच. जुई दवाखान्यातून घरी आली त्या दिवशी अनसूयाताईंच्याच हुद्द्यावरची आमच्या भागातली ताई स्प्रिंग लावून गेली. आईनं स्वतःची मऊ झालेली नऊवारी झोळीला दिली होती. मी हुक ओढून पाहिला. केतकी टाके सांभाळत उठली. जुई माझ्या हातात होती.

"केतकी, नारळ ठेव गं आत," आई म्हणाली. "नारळ हलका असतोय."

"आत्ती, नारळ ठेवला तर उद्या हिला उगाच लाल दाखवेल. मग रक्त काढतील. इवल्याशा हातात सुई टोचलेली बघवेल का तुम्हाला?"

आई माझ्याकडे वळली. "इंद्या, तू तरी सांग हिला."

मी काय सांगणार? चूक काय ते मीच शोधलं होतं. मी म्हणालो, "आई, एकदाच हलवायची आहे. ती बरोबर बोलतेय."

आई चपला घालून शेजारी जाऊन बसली. केतकीनं झोळी खाली ओढली आणि सोडली. रिकामी नऊवारी वर-खाली होत राहिली, मग थांबली. मोबाइलनं "धन्यवाद" म्हटलं. त्यानंतर आठवडाभर आई केतकीशी कामापुरतंच बोलत होती. पण बाळंतिणीचा डिंक, अळीव, शेकशेगडी, यात तिनं कसूर केली नाही.

सैलपणाचा निकाल लगेच येत नाही, दीड महिन्याचे हेलकावे साठावे लागतात. जुईचा निकाल आला हिरवागार. केतकीनं मोबाइल आईसमोर धरला आणि म्हणाली, "बघा आत्ती, आपलं माप खरं आहे. शेजाऱ्यापाजाऱ्यांचं अंदाजपंचे." आईनं तिच्या हातावर साखर ठेवली. त्या दिवसापासून दोघींचं पुन्हा जमलं. मी तर मनातल्या मनात हुरळलो होतो. जिल्ह्यात पहिल्याच दिवशी बिनचूक माप घेतलेली थोडीच घरं होती आणि त्यात आमचं एक होतं.

जुई फार शहाणी होती. रडायची कमी, निजायची फार. येणारीजाणारी म्हणायची, नशीब काढलंत, आमच्या पोरानं रात्र रात्र डोळ्याला डोळा लागू दिला नव्हता. आई अंघोळ घालताना एकदा म्हणाली, "अंग जरा ढिलं हाय पोरीचं. मालिशनं हुईल घट्ट." आणि तेलाची वाटी मोठी झाली.

केतकीला मात्र काहीतरी खुपत होतं. "ही लाथा मारत नाही," ती म्हणायची. "माझ्या बहिणीचा मुलगा दुपट्याचा चेंडू करायचा. हिचं दुपटं सकाळी घातलं तसंच असतं." आम्ही जुईला बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. चांगले होते, घाईत नव्हते. त्यांनी जुईला पालथं घातलं, उचललं, गुडघ्यावर टकटक केली, पुन्हा एकदा टकटक केली आणि मग म्हणाले, "झोळीचा निकाल?" केतकीनं हिरवा पडदा दाखवला. त्यांचा चेहरा मोकळा झाला. "मग काळजी नको. काही बाळं असतात आळशी. एवढी बारीक नजर माझ्या हाताला नाही."

आम्ही परत आलो. महिनाभर आम्ही त्या हिरव्या रंगावर जगलो. मग एका सकाळी जुई दूध ओढताना थकली. भूक होती, रडतही होती, पण ओढायचं बळ नव्हतं. केतकी तशीच उठून माझ्यासमोर आली.

"तुमच्या कारखान्यात मूळ आकडे दिसतात ना? स्प्रिंग पाठवते ते, केंद्रात जायच्या आधीचे?"

"दिसतात."

"मग आज तेवढं बघून ये."

मी शर्टाची बटणं लावतच निघालो. आमच्या संगणकावर प्रत्येक स्प्रिंगचे कच्चे आकडे साठतात, स्प्रिंग थकली की कळावं म्हणून. आमच्या झोळीचं रिकामं माप काढलं, जुईचे हेलकावे काढले आणि वजाबाकी केली. सहाव्या आठवड्यापासून लाल. शंका यावी असंही काही नाही, ठळक लाल. पुन्हा केली, पुन्हा तेच. वाटलं, आपलीच वजाबाकी चुकत असेल. आयुष्यात पहिल्यांदा मला माझं मोजमाप चुकलेलं हवं होतं.

मी केळुसकर मॅडमना फोन लावला आणि आकडे वाचून दाखवले.

"कुठला जिल्हा?" त्यांनी विचारलं.

"कोल्हापूर. मॅडम, मी इंद्रजित पोवार. वरवंट्याचा अहवाल मीच..."

त्या हळूच म्हणाल्या, "पोवार, तुमच्या घरी झोळीत काही ठेवलं नव्हतं?"

तेव्हा मला कळलं. लोक पुन्हा माप घेणार नाहीत, हे केंद्रानं ओळखलं होतं. म्हणून त्यांनी आमच्या सगळ्या भागाला एक दुरुस्ती लावली होती. इथल्या घरांत झोळीत दगड असतोच असं धरायचं आणि प्रत्येक बाळाच्या सैलपणातून ठरावीक आकडा कमी करायचा. धडधाकट बाळं लाल दिसायची, ती हिरवी झाली. आणि ज्या घरात दगड नव्हता, तिथलं खरंच सैल असलेलं बाळही हिरवं झालं.

रक्ताचा निकाल आला. मला तो उघडायचीही गरज नव्हती.

आम्ही तिघं पुण्याला गेलो. तिथल्या तज्ज्ञ बाईंनी जुईला तपासलं आणि आमच्यापासून काही लपवलं नाही. पायांच्या नसा गेल्यात, छातीच्या जायला लागल्यात. इंजेक्शन द्यायचं की नाही ते समिती ठरवते, आणि समितीचा नियम आहे की छातीवर आलं की द्यायचं नाही, कारण मग त्या औषधाचा ताणच बाळाला झेपत नाही.

"पण सहाव्या आठवड्यात दिलं असतं तर?" केतकीनं विचारलं.

बाईंनी नजर वळवली नाही, एवढं मान्य करायला हवं. "तर चालली असती," त्या म्हणाल्या.

समितीपुढे मी बोललो. कच्चे आकडे मांडले, वजाबाकी दाखवली. पाचही माणसांनी नीट ऐकून घेतलं. एकानं पाणी दिलं. ते वाईट वागले असते तर बरं झालं असतं, मला ओरडता आलं असतं. त्यांनी सगळं मान्य केलं. माप बरोबर होतं, मुलगी पहिल्यापासून लाल होती, दोष तुमचा नाही. आणि आता इंजेक्शन देणं म्हणजे तिला मारणं आहे, हेही त्यांनी तितक्याच सभ्यपणे सांगितलं.

बाहेर व्हरांड्यात केळुसकर मॅडम उभ्या होत्या. चष्मा काढून पुसत होत्या.

"दगड आहे की नाही, ते हेलकाव्यावरून ओळखता आलं नसतं?" मी विचारलं. मला भांडायचं होतं, पण आवाज तपासणी विभागाचाच निघाला.

"खूप प्रयत्न केला. कुणाची झोळी सुती, कुणाची दोरीची, कुणाची दांडी लोखंडी. जड दांडी कुठली आणि छोटा वरवंटा कुठला, ते वेगळं होईना. तुमच्या अहवालात जवळजवळ सगळीच घरं वस्तू ठेवणारी होती, पोवार. हजारो आईबापांची उगाचची धास्ती वाचली. रक्ताची प्रयोगशाळा मोकळी झाली म्हणून विदर्भातली खरी आजारी बाळं वेळेत सापडली. त्या वेळी दुसरा मार्ग दिसत नव्हता."

"आमच्यासारखी किती सुटली?"

"ते कळायला मार्ग नाही. रिकामी कुणी हलवली, हे कुणी नोंदवतच नव्हतं."

त्या रडत होत्या. त्यांना काय बोलायचं? त्यांच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं. निम्मं तर मीच केलं होतं. मी खरी चूक शोधली, खरा अहवाल दिला. केतकीनं खरं माप घेतलं. मॅडमनी हजारांचं भलं पाहिलं. प्रत्येकानं आपापलं काम बिनचूक केलं आणि जुई सुटून गेली. मला राग धरायला माणूस हवा होता आणि तो मिळत नव्हता. बसमध्ये केतकी खिडकीकडे तोंड करून बसली, जुई तिच्या मांडीवर झोपली होती.

"इंद्रजित," कराड आल्यावर ती म्हणाली, "मी नारळ ठेवला असता तर?"

हे मी समितीच्या खोलीतच मनाशी मोजलं होतं. "नको विचारूस."

"सांग. मोज आणि सांग."

"नारळ ठेवला असता तर दुरुस्तीनंतरही ती लालच राहिली असती. निदान पिवळी, म्हणजे पुन्हा तपासा अशी तरी."

तिनं मान हलवली, वर्गात एखाद्या पोरानं बरोबर उत्तर दिल्यावर हलवते तशी. मग तिनं जुईचं टोपडं सारखं केलं.

घरी आई दारातच होती. तिनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, जुईला घेतलं आणि आमच्या तोंडांकडे पाहून काय ते समजली. चहा झाला. आईनं जुईला पायांवर घेऊन कापसानं दूध पाजायला सुरुवात केली, आता तसंच पाजावं लागायचं. एक थेंब, मग थांबायचं, मग दुसरा.

"काय म्हणाले डॉक्टर?" तिनं शेवटी विचारलं.

"इंजेक्शन देता येणार नाही," मी म्हणालो. "वेळेवर कळलं नाही."

"का न्हाई कळलं? आपल्याकडं तर मशीन हुतं. तूच करतोस की ती."

मी दुरुस्तीबद्दल सांगायला लागलो. सरासरी, जिल्हा, वजाबाकी. माझे शब्द माझ्याच कानाला फुकाचे वाटत होते. आईला त्यातलं काही पोचत नव्हतं. केतकी भिंतीला टेकून उभी होती. ती मध्येच म्हणाली, "आत्ती, मी सांगते. मी रिकामी झोळी हलवली म्हणून झालं."

आईचा हात थांबला. कापसातला थेंब जुईच्या हनुवटीवर पडला. मला वाटलं, आता ती बोलणार, आणि बोलायचा तिला हक्क होता. त्या दिवशी तिनं विनवलं होतं, आम्ही दोघांनी मिळून तिला घराबाहेर घालवलं होतं.

आईनं हनुवटी पुसली. जुईला माझ्या हातात दिलं, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि केतकीजवळ गेली.

"येडी का काय तू?" ती म्हणाली. "एवढी शिकलेली बाई. रिकाम्या पाळण्यानं काय हुतंय? म्हाताऱ्या बायकांच्या गप्पा त्या. आमच्या सासवा सांगायच्या, आम्ही ऐकायचो. तसलं काय नसतंय, पोरी. आजार हाय ह्यो. तुझ्या हातून कायबी झालेलं न्हाई."

"झालंय, आत्ती."

"न्हाई म्हणतो न्हवं मी! असं कुठं असतंय व्हय?" आई रडत होती आणि केतकीचा दंड धरून तिला हलवत होती. "इंद्या, तुला येतंय की त्यातलं सगळं. सांग तिला. असं काय नसतंय म्हणून सांग."

केतकीनं माझ्याकडे पाहिलं. आई म्हणते तेच मीही म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. खोटं असतं तरी चाललं असतं. जुई माझ्या दंडावर सैल पडली होती, तिचं डोकं सांभाळायला मी हात वर घेतला. मी तोंड उघडलं, आणि मला बोलता आलं नाही.